राजाजीनगरची हिमनदी

लाहौल, हिमाचल, ५ ऑगस्ट २०२४

ती. अण्णांस,
संहिताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इथे फोनला रेंज नाही, आणि असती तरी गेल्या गौरीपासून रुसलेली आई फोनवर आली नसती. म्हणून पत्र. वाईट बातमी आधी: याही वर्षी गौरीला येणं जमत नाही. किती बर्फ गेला ते कळायला बर्फात रोवलेले आमचे खांब मोजायचे ते वितळण्याचा हंगाम संपताना, सप्टेंबरात. गौरीही तेव्हाच. हल्ली आई आणि हिमनदी, दोघींपैकी कुणीच माझ्याशी बोलत नाही, तेव्हा निवड करणं अवघडच होतं.

तुम्ही विचारलंत, हिमनदी म्हणजे फ्रीजरमध्ये साचतो तसाच बर्फ ना? तसा नाही हो. हिवाळ्यात पडलेलं हिम उन्हाळ्यात पुरतं वितळत नाही, त्यावर पुढच्या वर्षीचं पडतं. वर्षानुवर्षं थर चढतात, वजनाने खालच्या थरातली हवा निघून जाते आणि त्याचा घट्ट बर्फ होतो. मग तो स्वतःच्याच भाराने उतारावरून सरकू लागतो, दगडगोटे ओढत, दरी खरवडत. इतकी वर्षं मी हे विद्यार्थ्यांना शिकवते, पण आईला एकदाही नीट सांगता आलेलं नाही. माझी विद्वत्ता एवढीच.

आईला नमस्कार सांगा. ती घेईल तेव्हा घेईल.

आपली,
संहिता

राजाजीनगर, बंगळूर, १८ ऑगस्ट

चि. सौ. संहितेस,
खंडोजी अण्णांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती गहू निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली की दरवर्षी जावई एकटेच इलेक्ट्रॉनिक सिटीहून येतात, दोघांचं जेवतात आणि लेकीच्या बागिनाचं, गौरीच्या वाणाचं, सूप काखेत मारून जातात, असलं माहेरपण तिने कुठे पाहिलं नाही.

पण मला एक युक्ती सुचली आहे. तू बर्फ मोजतेस, मी जन्मभर लोकांच्या फ्रीजमधला बर्फ खरवडला, म्हणजे धंदा एकच. यंदा गौरी-गणपतीपुढे देखावा करणार तो खऱ्या हिमनदीचा. आईने डोळ्यांनी पाहिलं की तिला तुझं काम कळेल. फ्रीजदुरुस्तीचं दुकान बंद केलं तरी कॉम्प्रेसर माळ्यावर आहे. काळजी नसावी, हे काम जाणत्या माणसाच्या हातात आहे.

तुझा,
अण्णा

राजाजीनगर, ९ सप्टेंबर

चि. सौ. संहितेस,
जाणत्या माणसाचे आशीर्वाद.

हॉलमध्ये पंखा लावून, पाय वर घेऊन लिहितो आहे. फरशी अजून ओली आहे.

हिमनदी झकास झाली होती. तिरक्या रंगवलेल्या फळीवर बर्फाचे थर, त्यांत वाळू आणि खडी, खालून जुन्या फ्रीजची थंड नळी, भोवती थर्माकोलचे डोंगर. गौरीच्या दिवशी बायका बर्फाला हात लावून किंचाळत होत्या आणि मी बाजूला उभा राहून व्याख्यान देत होतो. व्याख्यान कुणी ऐकलं नाही.

इथल्या रीतीप्रमाणे गौरीमागून दुसऱ्या दिवशी गणपती आला आणि हिमनदी निघाली. फ्रीज भिंतीला चिकटवू नका, मागची जाळी गरम असते, असं ज्याने गिऱ्हाइकांना जन्मभर बजावलं, त्याच शहाण्याने ती जाळी डोंगराच्या आत, बर्फाच्या पाठीशी कोंडली होती. पुढून गारवा, मागून भट्टी. त्यात समईची आणि धुपाची काजळी बसून बर्फ काळा पडला, आणि काळा पडला तिथे आधी खचला. आरतीच्या वेळेला पाणी खालच्या मजल्यावर. तिथल्या गंगव्वा आमटीचं पातेलं घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, अण्णा, सारू स्वल्प पातळ झालंय. दुकानाची पाटी वेळेत उतरवली तेच बरं केलं.

सगळे हसले. तुझी आई हसली नाही. ती स्टूल घेऊन बर्फापाशी बसली. बर्फ रंग खरवडत खाली सरकला होता, टोकाशी वाळूखडीचा बांध रचला होता, आणि आता आक्रसत मागे चालला होता. मी फडकं आणलं तर तिने हात धरला. विचारलं, पोरीचीही अशीच जाते का? मी म्हटलं, हो, जरा सावकाश. तेव्हा म्हणाली की असं कुणी जात असलं तर त्याच्याजवळ आपलं कुणीतरी बसायलाच हवं.

मग उठली आणि जावयांच्या, यशोवर्धनरावांच्या, काखेतलं सूप काढून घेतलं. ते तुझ्याकडे येत आहे. मला रडू आलं गं. निमित्त काजळीचं केलं.

तुझा,
अण्णा

लाहौल, २७ सप्टेंबर

ती. अण्णांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

सूप पोचलं. आमच्या तंबूत सगळ्यांनी सुपातल्या आरशात तोंड पाहिलं आणि सगळ्यांनाच धक्का बसला.

तुमच्या चुकीवर फार हसू नका. आपण सगळे तेच करतो, घर गार करून गरम हवा बाहेर सोडतो. काजळी इथेही बसते, चुलींची, गाड्यांची, जळणाऱ्या रानांची. हिवाळ्यात हिम कमी पडतं, उन्हाळा लांबतो. खालच्या गावातला वाटाणा याच पाण्यावर पिकतो, म्हणून मला भीती वाटते. आणि तुमच्यासारखा बांध आमच्या दरीतही आहे, जुन्या बर्फाने रचलेला. बर्फ आता तिथून खूप मागे गेला आहे. बांधावर मेंढ्या चरतात.

सुपातल्या हिरव्या बांगड्यांपैकी दोन हातमोजे चढवताना फुटल्या. उरलेल्या शेवटच्या खांबाला, अगदी बर्फालगत, दोऱ्याने घट्ट बांधल्या. पुढच्या सप्टेंबरात त्या बर्फापासून जितक्या उंच दिसतील, तितका बर्फ गेला. साहेबांनी विचारलं तर शास्त्रीय कारण तयार आहे. खरं कारण आईला सांगा, बर्फाजवळ आपलं कुणीतरी हवं ना.

आपली,
संहिता

राजाजीनगर, १२ ऑक्टोबर, दसरा

चि. सौ. संहितेस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या अण्णांना लिहायला दिलं की बढाया मारतात, म्हणून आज मीच लिहिते. वर्षभर रुसून माझंच नुकसान झालं. तू डोंगरावर नसताना तुझा फोन आला की स्वयंपाकघरात जायचे आणि दाराआडून ऐकायचे. अण्णा इतकं मोठ्याने बोलतात की तुझं काही ऐकूच यायचं नाही.

पुढच्या वर्षी गौर ऑगस्टातच आहे. तिची पाठवणी करून मी तिकडे येते. बर्फावर चढता येणार नाही, असं अण्णा आणि जावई दोघांनी सांगून झालं. मी विचारलं नव्हतं. मेंढ्या चरतात त्या बांधापर्यंत येईन आणि तिथे बसेन. अण्णाही येतील, पण कॉम्प्रेसर आणणार नाहीत.

तू वर जाऊन ये आणि बांगड्या किती उंच राहिल्या ते मला हाताने दाखव. रोज देवापाशी एवढंच मागते की बोटभरच असू दे. पण जास्त असलं तर माझ्यासाठी कमी करून दाखवू नकोस.

तुझी,
आई