घेवड्यावरचा पांढरा थर

अण्णा, तुम्ही कुठल्याही हॉटेलात शिरलात की आधी मागची मोरी बघायचात आणि मग बसायचं की नाही ते ठरवायचात. बहुतेक वेळा बसायचं नाही असंच ठरायचं. नगरपालिकेचे अन्न निरीक्षक म्हणून तुम्ही अख्ख्या गावाचं दूध, तेल, तिखट तपासलंत, आणि आईच्या हातचं सोडून दुसऱ्या कुणाचं अन्न तुमच्या घशाखाली उतरलं नाही. तुम्ही गेलात त्याला आता पंचवीस वर्षं होतील. तुमची ती मोरी बघायची खोड मात्र मी जपानपर्यंत आणली. आज लिहायला बसले ते तोक्योतल्या एका क्यूबन खाणावळीमुळे. क्यूबा तुम्हाला ठाऊक तो माझ्या भूगोलाच्या पुस्तकातला, साखर आणि तंबाखूचा. तिथे घेवड्याची उसळ करतात हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ही गोष्ट अठरा-वीस वर्षांपूर्वीची. तेव्हा आम्ही तोक्योतल्या ओजिमा भागात राहत होतो. तिथल्या सरकारी इमारतींत आमच्यासारखे कॉम्प्युटरवाले भराभर येत होते, लिफ्टमध्ये जपानीपेक्षा हिंदी आणि तेलुगूच जास्त कानावर पडायचं. मी एका बँकेच्या सिस्टिमवर काम करत होते, नवरा शनिवारीसुद्धा ऑफिसात. मुलगी सात वर्षांची. जपानी शाळेत घातल्यावर सहा महिन्यांत तिला जपानी फाडफाड यायला लागलं आणि तिचं जेवण मात्र तुटलं. शाळेतल्या जेवणात मांस-मासे, म्हणून मी पोळीभाजीचा डबा द्यायची. तो ती लाजून तसाच परत आणायची. घरीही दोन घास खाऊन उठायची. आंघोळ घालताना तिच्या बरगड्या हाताला लागायच्या. आपल्या नोकरीपायी आपण हिला उपाशी मारतोय, असं मला सरळसरळ वाटायचं.

एका शनिवारी दुपारी सायकल दुरुस्तीच्या दुकानाशेजारून जाताना लसूण-जिऱ्याच्या फोडणीचा वास आला. मी थबकले, ते आनंदाने नव्हे. हा वास इथे कसा, असंच आधी मनात आलं. आत चार टेबलं, मेनूकार्ड नाही, भिंतीवर कसलंही सर्टिफिकेट नाही. थोराड बांध्याची एक क्यूबन बाई वाढते आहे आणि तिचा जपानी नवरा मान खाली घालून भांडी घासतो आहे. ज्या खाणावळीत मेनूकार्ड नाही तिथे काहीतरी लपवायचं असतं, हे तुमचंच शिक्षण. बाईने न विचारता समोर भात, काळ्या घेवड्याची दाटसर उसळ आणि पिकल्या केळ्याचे तळलेले काप ठेवले. मला तेव्हा जपानी येत नव्हतं. मी मुलीला म्हटलं, "विचार त्यांना, यात मांस, चरबी, हाड काही आहे का?"

मुलीने विचारलं. बाई बरंच काही बोलली, हातवारे केले, छातीवर हात ठेवला.

"नाही म्हणतात," मुलगी म्हणाली.

"एवढं लांबलचक 'नाही'?"

"घरच्यासारखं आहे म्हणतात."

ती जेवली, अण्णा. तीन वेळा उसळ मागून घेतली, ताट पुसून खाल्लं. मी तिच्याकडे बघतच राहिले. मग मीही चव घेतली, आणि ती आईच्या घेवड्याच्या इतकी जवळची निघाली की माझा संशय आणखी वाढला. त्यानंतर दर शनिवारी आम्ही जायला लागलो. मुलीच्या गालावर मांस चढलं. मी मात्र हात धुवायच्या निमित्ताने मोरी बघून यायची. मोरी स्वच्छ होती. त्याचीही मला शंका यायची.

चार-पाच महिन्यांनी बाईने निघताना उरलेली उसळ डब्यात भरून दिली, फुकट. तिथे माझ्या मनात पाल चुकचुकली. तुम्हाला ती पेढ्यांची गोष्ट आठवत असेल. मी स्कॉलरशिपच्या यादीत आले म्हणून मिठाईवाल्याने अर्ध्या किलोचा पुडा घरी पाठवला होता, आणि तुम्ही मला सोबत घेऊन तो परत करायला गेलात. "अन्न तपासणाऱ्याच्या घरात फुकटचं अन्न येत नाही," असं तुम्ही रस्त्यात मला खडसावलंत. पुढे येईल त्या पाहुण्याला तुम्ही ती हकिकत सांगायचात आणि शेवटी म्हणायचात, "दोरीसुद्धा सोडली नव्हती आम्ही."

तर तो डबा मी फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी उघडला तेव्हा घेवड्यावर पांढरा थर धरला होता. कुठलं तेल गारठ्यात गोठतं आणि कुठलं नाही, हे तुम्ही मला ओट्यावर वाट्या मांडून शिकवलं होतंत. हे तेल नव्हतं. ज्या घरात कधी अंडं फुटलं नाही त्या घरातली मी, पाच महिने चरबी खात होते आणि पोरीला खाऊ घालत होते.

पुढच्या शनिवारी मी तो डबा घेऊन गेले, नमुना घेऊन निघालेल्या तुमच्यासारखी. एव्हाना वॉर्ड ऑफिसच्या वर्गात जाऊन मोडकंतोडकं जपानी शिकले होते. चार गिऱ्हाइकांसमोर मी डबा उघडून धरला. "डुक्कर?"

"हो," बाई म्हणाली. "हाड घालते. नेहमीच."

"मग पहिल्या दिवशी 'नाही' का म्हणालात?"

तिने एप्रनला हात पुसले. "मी हो म्हणाले होते. आमच्या घरी हाडाशिवाय हे होतच नाही, असंही म्हणाले. तुमच्या मुलीला."

मोरीतला नळ बंद झाला. मुलगी हातात चमचा धरून रिकाम्या ताटाकडे बघत होती. घरी ती हल्ली मला जपानीतच उत्तरं द्यायची. तेव्हा मात्र मराठीत म्हणाली, "आई, त्या खरं बोलल्या होत्या. मी खोटं सांगितलं. तू मला ताटावरून उठवलं असतंस ना."

मोरी बघितली, तेल बघितलं, बाईचा चेहरा शंभर वेळा बघितला. दुभाषा तपासायचं सुचलं नाही, कारण तो माझ्या पोटचा होता. मी बाईसमोर कमरेत वाकून माफी मागितली आणि न जेवता मुलीला घेऊन निघाले. तिला मारायला माझा हात शिवशिवत होता. घरी पोचल्यावरही तो उचलला गेला नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. हाडाशिवाय कराल का, असं मी स्वतःच विचारलं. बाई म्हणाली, "नाही. मग ते माझ्या आईचं राहत नाही." मला तिचं म्हणणं पटलं. तिने माझ्या ताटात भात आणि केळ्याचे काप वाढले. मुलीच्या ताटाशी पळी आणून ती थांबली आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तुमच्या नातीला तो घेवडा मी माझ्या समोर वाढू दिला, अण्णा.

आज ती क्योतोला पीएचडी करते, चांगली धडधाकट आहे. परवा फोनवर तिने विचारलं, "तू तेव्हा मला मारलं का नाहीस?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरं उत्तर आधी तुम्हाला द्यायला हवं होतं, आणि तुम्ही असतात तर हे पत्र मी लिहिलंच नसतं.

त्या पुड्याची दोरी मी सोडली होती. तुम्ही घरी यायच्या आधी कोपऱ्यातला एक पेढा काढून खाल्ला आणि दोरी तशीच बांधली. मिठाईवाल्याने पुडा तळहातावर तोलला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बरोबर आहे, साहेब." तुम्ही माझा हात धरून ताठ मानेने घरी आलात. अख्ख्या गावाचे नमुने घेतलेत, माझा कधी घेतला नाहीत.

पेढा अस्सल खव्याचा होता, अण्णा. भेसळ नव्हती.