बारा झबली

वॉटफर्ड,
३ मे २००९

प्रिय सुमेधा,

फोनवर आपलं बोलणं ‘जेवलास का’पासून सुरू होतं, ‘तनूला देते’पर्यंत येतं आणि कार्ड संपतं. त्यात जे राहून जातं ते लिहायला बसलोय. पेनाची सवय गेली, बोटं दुखतात. तरी कागद बरा. तो मध्येच ‘आवाज का असा येतोय तुझा?’ असं विचारत नाही.

या घरातलं वॉशिंग मशीन फेब्रुवारीत बंद पडलं. घरमालक आज बघतो, उद्या बघतो म्हणत राहिला, म्हणून मी स्टेशनमागच्या लाँड्रेटमध्ये जायला लागलो. नाणी टाकून कपडे धुवायचं दुकान. ओळीने बारा मशीन्स, मध्ये एक लांब बाक. मालकीण मॉरीन सत्तरीची आहे, दोन्ही गुडघे गेलेले. लोक कपडे लावून समोरच्या कॅफेत बसतात आणि विसरतात. मशीन अडून राहतं, मग दुसरं कुणीतरी त्यांचे ओले कपडे उपसून बाहेर ठेवतं, आणि भांडण जुंपतं. मॉरीनला दर वेळी रस्ता ओलांडून बोलवायला जावं लागायचं. एका मंगळवारी दुपारी ती दारात चौकट धरून उभी दिसली. एक पाय पायरीवर, एक खाली. पुढे जाववेना, मागे येववेना. मी तिला धरून बाकावर बसवलं आणि ज्याचे कपडे झाले होते त्याला कॅफेतून बोलावून आणलं. तू विचारशील, मंगळवारी दुपारी मी तिथे काय करत होतो? तेही लिहिणार आहे.

ती म्हणाली, “मशीन कंपनी म्हणते, नवी मशीन्स घे, ती मोबाइलवर मेसेज पाठवतात. त्यापेक्षा मी दुकानच बंद करते, पोरा.” दमून गेलेलं माणूस बोलतं तसं बोलली. माझ्या तोंडून निघून गेलं, “मला पंधरा दिवस दे.”

हौशी लोकांसाठी हल्ली छोटे मायक्रोकंट्रोलर बोर्ड मिळतात, म्हणजे बिनपडद्याचे इवले कॉम्प्युटरच, निळे, पत्त्यांच्या कॅटएवढे. तसे दोन मागवले, सहा-सहा मशीन्सना एक. धुणं संपलं की मशीनवर लाल दिवा लागतो, त्यावर उजेड ओळखणारा सेन्सर चिकटवला. मशीन उघडायची गरजच नाही. नुसता दिवा लावला असता तर समोरून कुणाला दिसला नसता. म्हणून चॅरिटी शॉपमधून बारा झबली आणली, वेगवेगळ्या रंगांची, प्रत्येकावर मोठा आकडा शिवला. शोकेसमध्ये दोरीवर ओळीने टांगली आणि प्रत्येकाच्या बाहीत खेळण्यातल्या विमानाची मोटर बसवली. सात नंबरचं धुणं झालं की सात नंबरचं झबलं हात हलवून बोलावणार. बँकेने काढेपर्यंत नऊ वर्षं मी स्क्रीनवर काम केलं. काय केलं ते कुणाला बोटाने दाखवता आलं नसतं.

पहिल्या सकाळी दुकान उघडलं, पूर्वेचं ऊन थेट आत आलं आणि सगळ्या सेन्सरना वाटलं दिवे लागले. रिकाम्या रस्त्याकडे बघत बाराही झबली जोरजोरात हात हलवत होती. एक म्हातारा थांबला आणि त्याने उलट हात हलवला. मी हसायला लागलो, सुमेधा, आणि मग मला ते थांबवता येईना. मॉरीनने चहाचा मग हातात दिला. ऊन अडवायला सेन्सरवर काळ्या टेपची नळकांडी बसवली, आणि दुपारपासून नीट चालू झालं. आता मॉरीन बसून असते. लोक कॅफेतून बघतात, आपला आकडा हलला की उठतात. दुकान चालू राहतंय. मी फोनवर तुला म्हटलं होतं ना, सिस्टिम लाइव्ह गेली, सगळे खूश आहेत? ती सिस्टिम म्हणजे ही.

काल मॉरीनने विचारलं, “बायको कधी येते तुझी?” मी म्हटलं, वीस जूनला, मुलीला घेऊन. ती टॉवेलांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “तू रोज इथे असतोस हे तिला ठाऊक आहे ना?” मी एक टॉवेल उचलून त्याची घडी घालू लागलो. तिने उरलेले टॉवेल माझ्याकडे सरकवले.

मेडनहेडला मला नोकरी लागलेली नाही, सुमेधा. इंटरव्ह्यू खरंच झाला होता, चांगला झाला होता. त्यानंतरच्या रविवारी तू म्हणालीस की शाळा तुला कायम करायचं म्हणतेय, काय सांगू? मला वाटलं, तू हो म्हणालीस तर तुम्ही दोघी परत इथे येणार नाही. म्हणून सांगून टाकलं की नोकरी लागली. मंगळवारी त्यांचं पत्र आलं, नाही म्हणून. मी ते घेऊनच लाँड्रेटमध्ये गेलो होतो. त्यानंतर सात रविवार गेले. दर रविवारी ठरवायचो आणि दर रविवारी तुला ऑफिसातलं काहीतरी सांगायचो. खोटं बोलायलाही ताकद लागते, ती संपली. तू महिनाअखेरीला राजीनामा देणार आहेस. देऊ नकोस. मुख्याध्यापिकांना हो म्हण, कायम हो. तिकिटं रद्द कर. ऑगस्टमध्ये व्हिसा संपतो, त्याआधी मीच नागपूरला येतो. तिथे काय करीन ते माहीत नाही. तनूला मी स्वतः सांगेन, तू माझ्या वतीने काही सांगू नकोस. पत्र आठ-दहा दिवसांत पोचेल, त्यानंतरच्या रविवारी नेहमीच्या वेळी फोन करतो. वाट्टेल ते बोल. नाहीतर बोलूही नकोस. फक्त उचल.

तुझाच,
मिलिंद