खंडेनवमीला धुतलेल्या बुरशीबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
माऊली विज्ञान महाविद्यालय,
सदाशिव पेठ, पुणे ३०.

विषय : संशोधनाची बुरशी धुऊन टाकल्याबद्दल तक्रार व पीएच.डी.च्या मुदतवाढीसाठी शिफारस मिळणेबाबत.
संदर्भ : ‘यंत्रात बुरशी आढळल्याचा’ खुलासा मागणारे आपले पत्र, दि. ७ ऑक्टोबर २००३.

महोदय,

१. यंत्रात बुरशी होती. अर्जदार बुरशीवरच संशोधन करते व चार वर्षांपूर्वीच्या परवानगीपत्रावर आपलीच सही आहे. वर्गमैत्रिणी हिंजवडीत संगणकासमोर बसल्या, तेव्हा अर्जदार लोणी काळभोरच्या बांधावरचा गवती चहा पोत्यात भरून बसने आणत होती व त्याचे तेल काढत होती. शरीराची ताकद खचली की ही बुरशी उलटते. तिला शास्त्रात संधिसाधू म्हणतात. यात कार्यालयातील कोणाचाही उल्लेख नाही.

२. खंडेनवमीला कार्यालयीन अधीक्षक श्री. रंगनाथ देवळे यांनी यंत्रांच्या पूजेसाठी प्रयोगशाळा उघडली. शिपाई सोनबा यांनी बुरशी वाढवायच्या इनक्युबेटरमधील काचताटल्या आणि फ्रीजमधील तिच्याच राखीव नळ्याही फिनेलने धुतल्या. ‘ताई, पार बुरा धरला होता, घासून लख्ख केल्या बघा,’ असे ते कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले. त्यांच्यावर अर्जदाराचा राग नाही. त्यांना हुकूम होता. धुतलेल्या ताटल्यांत हळदकुंकू ठेवले गेले. यंत्राला त्या दिवशी विश्रांती हवी म्हणून बटण बंद केले. कार्यालयातील संगणक मात्र चालूच ठेवला, कारण बंद केल्यास तो पुन्हा सुरू करणे कोणासही येत नाही.

३. अर्जदाराचे तेल श्री. देवळे यांनी निरांजनात ओतले. ते भडकून त्यांच्या भुवया होरपळल्या. त्याचाही खुलासा अर्जदारानेच द्यावा, असे आपले पत्र म्हणते. खुलासा असा, की बाटलीवर ‘हात लावू नये’ असे मराठीत लिहिले होते.

४. त्या बुरशीवर नेहमीची औषधे चालत नव्हती. गवती चहाच्या तेलाने ताटलीत ती तीनदा रोखली. चौथी चाचणी बाकी होती. ही बुरशी सरुबाई नावाच्या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या तोंडातून घेतली होती. हे तेल तुम्हाला देता येणार नाही, औषध झालेच तर त्याला वर्षे लागतील, असे अर्जदाराने त्यांना स्पष्ट सांगितले होते. ‘मला नसंल तर नसंल, माज्या मागच्या बाईला तरी कामी येईल,’ म्हणून त्यांनी सोललेले तोंड पुन्हा उघडले. सप्टेंबरात त्या गेल्या. तो नमुना आता कोठूनही मिळणार नाही.

५. अर्जदाराची नोंदणी ३१ डिसेंबरला संपते. मुदतवाढीच्या शिफारशीत ‘साहित्य खराब झाले’ असे लिहिण्याची आपली तयारी असल्याचे कळले. अर्जदारास ते वाक्य नको. ‘साहित्य जिवंत होते, आम्ही मारले’ असे लिहावे. तसे लिहिता येत नसेल, तर शिफारसही नको.

६. प्रबंधात रुग्णाचे नाव येत नाही, क्रमांक येतो. आता तोही येणार नाही. म्हणून सरुबाईंचे नाव या अर्जात लिहिले आहे. अर्ज आवक नोंदवहीत चढवावा, म्हणजे या महाविद्यालयात ते कोठेतरी राहील.

आदर राखण्याचा प्रयत्न करणारी,
प्रियदर्शनी मच्छिंद्र काळभोर
दि. १० ऑक्टोबर २००३

सोबत : काचताटली एक, कुंकवासह.