बिरियाचा वास

शनिवार, संक्रांतीनंतरचा. नेपरव्हिल.

दुपारी दोनपासून बिरिया मंद आचेवर होती. ऑफिसमधल्या मेक्सिकन मैत्रिणीने शिकवलेला बीफचा रस्सा, भिजवलेल्या सुक्या मिरच्यांचा. एक्झॉस्ट फॅन फुल्लवर. कशासाठी? नागपूरला आई शेजाऱ्यांना कळू नये म्हणून खिडक्या लावून शिजवायची, तशीच मी, आल्यागेल्याला वास येऊ नये म्हणून.

सहाला समोरच्या काकू बर्फ तुडवत तिळगूळ घेऊन आल्या. "काय घमघमाट सुटलाय गं! मटण?"

"हो काकू." निघूनच गेलं तोंडातून.

"मग दे ना थोडं. आमच्या ह्यांना फार आवडतं."

झालं! डबा काढला, डाव बुडवला, आणि हात पुढे जाईना. घाबरून खोटं बोलले ते बोलले, पण नकळत खाऊ घालायचं? छे.

"काकू, मटण नाही, बीफ आहे. आमच्याकडे खातात."

फॅन केवढ्यानं घोंघावत होता! काकूंनी रिकाम्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग आधी हो का म्हणालीस?"

एवढंच विचारून गेल्या. तिळगूळ त्यांच्या हातातच राहिला.

बीफचा राग की खोट्याचा? कुणास ठाऊक. माझा राग मात्र माझ्यावरच आहे.

फॅन बंद केलाय. बाहेर बर्फ पडतोय, तरी खिडकी सताड उघडून जेवायला बसतेय.