खड्ड्यापाशी रागीट माणूस नको

मंगळवार, ८ ऑक्टोबर

लिहायचं टाळत होते. रोज उद्या, उद्या. परवा पेन हातात घेतलं तर समोरच्या तारांवर हिरव्या पोपटांचा थवा येऊन बसला. ते भांडतात कसे ते बघण्यात संध्याकाळ गेली. आज लिहितेच.

एव्हारिस्तो मामा पडला. मागच्या अंगणात, खड्ड्याच्या कडेला. खुब्याचं हाड मोडलं. नाताळपर्यंत दवाखान्यातून सुटत नाही. मी इथं चार दिवसांसाठी आलेले – कोळंबीच्या बोटीवरचं काम सुटलं, दुसरं मिळेपर्यंत.

खड्डा म्हणजेच आमचं दुकान. विटांनी बांधलेला, माणूस उभा मावेल एवढा. शुक्रवारी इथल्या काटेरी मेस्कीट झाडाची लाकडं जाळून निखारे करायचे, गाईची मुंडकी ओल्या पोत्यात गुंडाळून आत सोडायची, वर पत्रा, पत्र्यावर माती. शनिवारी सकाळी उघडायचं. गालाचं मांस, जिभेचं मांस, गरम टॉर्टियात, म्हणजे मक्याच्या पोळीत, घालून कांदा-कोथिंबीर. आमचा टाको एवढाच. पण नवा खड्डा खणायला आता बंदी आहे. आमचा जुना म्हणून चालतो, आणि तोही चालू असेल तरच. बंद पडला की परवानगी गेली, कायमची. मामा पडल्यापासून तो थंड आहे.

नेल्डा, मामाची मुलगी, गल्ल्यावर बसते. म्हणाली, "वाफेचं पातेलं घेऊन टाकू या. समोरच्या उबाल्दोचं चालतंय की."

"त्याचं मांस ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं."

"पुठ्ठ्याला रांग आहे, ताई. आपल्याकडे माश्या."

मी पेटवणार. ठरलं.

बुधवार, ९

मामाचा निरोप, नेल्डाच्या तोंडून: "तिला खड्ड्याजवळ फिरकू देऊ नका. रागीट माणसानं झाकलं की मांस कच्चं राहतं."

हे इथं सगळेच मानतात. घरात भांडण झालं असेल तर मामा भांडणाऱ्यांना रस्त्यावर काढायचा, मग झाकायचा आणि मातीवर मिठाचा क्रूस काढायचा. लहानपणी मला दर शुक्रवारी रस्त्यावर काढायचा. भांडण झालेलं नसलं तरी!

शनिवार, १२

कच्चं.

रविवार, १३

काल सगळ्यांच्या देखत उघडला. सीमेवरच्या पुलापलीकडून येणारी म्हातारी स्वतःचं पातेलं घेऊन पहिली उभी. मांसाकडे बघितलंच नाही तिनं, माझ्याकडे बघितलं. "कोणावर चिडली होतीस गं?"

"कोणावर नाही."

"आता तरी चिडलीयस."

अख्खी रांग रस्ता ओलांडून उबाल्दोकडे गेली, म्हातारीच्या पातेल्यासकट. उबाल्दो दारात हात पुसत उभा. ओरडून म्हणाला, "एव्हारिस्तोला सांग, सावकाश बरा हो. पोरगी गिऱ्हाइकं पाठवतेय मला."

मिशीत हसत होता. मिशी पण तेल लावल्यासारखी. आमच्या बोटीवर एक स्वयंपाकी होता अगदी अशाच मिशीचा, तो – जाऊ दे.

मंगळवार, १५

खड्ड्यात उतरले. तळाशी विझलेले कोळसे तरी असायला हवे होते. होती नुसती राख, पिठासारखी पांढरी. निखारे एवढे जळून जातात ते हवा मिळाली तरच; मांस शिजायच्या आधीच संपले. मग पत्र्याच्या कडेला उरलेली माती बघितली. भिंतीकडच्या बाजूला भेग, बोट जाईल एवढी. पाऊस नाही, सुकी माती तडकलेली. मामा माती भिजवायचा का? मला काय माहीत! मी रस्त्यावर असायचे.

राग नव्हता. भेग होती. नेल्डाला दाखवली. ती म्हणे, "भेग पण रागानंच पडली असेल."

शुक्रवार, १८

सकाळी नगरपालिकेचा कागद आला. उबाल्दोनं लेखी तक्रार केलीय: खड्डा बंद आहे, घाणेरडा आहे, परवानगी काढून घ्या. पुढच्या शनिवारी, सव्वीसला, तपासणीवाली बाई येणार. चालू दिसला तर ठीक, नाहीतर बुजवायचा.

नेल्डा म्हणाली, "आज तू झाकू नकोस. डोळे बघ तुझे. मी झाकते."

"बाजूला हो."

ऊन होतं तेव्हाच झाकला. माती भिजवून चिखल केला. एकेक फावड्याला उबाल्दोला एकेक शिवी. त्याच्या टोपीला, मिशीला, पातेल्याला, पातेल्याच्या झाकणाला. मीठबीठ काही नाही. मग भोवती फिरत राहिले. धुराची तार दिसली की थापला चिखल. इतकी रागावलेली मी जन्मात नव्हते.

शनिवार, १९

शिजलं! हाड उचललं तर हाड हातात, मांस खालीच राहिलं.

रांग लागली. सीमेवर पहारा देणारे हिरव्या गणवेशातले दोघं, त्यांच्या मागं छपरं घालणारी पोरं – त्यांच्यातल्या कितींकडे इथं राहायचे कागद आहेत देव जाणे. सगळ्यांनी आपापल्या ताटलीकडे बघत खाल्लं. इथं असंच असतं. म्हातारी पातेलं घेऊन परत आली.

"गेला वाटतं राग."

"नाही गेला."

तिनं वास घेतला. "बरं. मग दोन पाउंड दे."

रविवार, २०

नेल्डा मामाला टाको घेऊन गेली. त्यानं विचारलं, कोणी झाकलं. ही म्हणाली, मी! परत आल्यावर सांगते मला, हसत. ताडकन उठले आणि बस पकडली. चुकीची पकडली, मंडईपाशी उतरले, तिथं एकजण मांजराची पिल्लं विकत होता. पोचले शेवटी दवाखान्यात.

"मामा, मी झाकलं. चिडून झाकलं. मिठाचा क्रूस पण नाही काढला."

तो भिंतीकडे बघत उरलेला टाको चावत राहिला.

"उघडल्यावर जीभ आधी काढायची असते," म्हणाला. "कोरडी पडलीय."

मग ताटली पुढं केली, अजून आहे का म्हणून.

बुधवार, २३

दुसऱ्या एका बोटवाल्याचा फोन. सोमवारी हजर हो म्हणतो. मी म्हटलं, शनिवार होऊ दे, मग सांगते. असं मी कधी कोणाला म्हटलेलं नाही. बोलावणं आलं की त्याच दिवशी निघते मी.

नेल्डाला झोप नाही. "एकदा शिजलं म्हणून परत शिजेलच असं नाही. आणि त्या बाईसमोर उबाल्दो येऊन काय काय बोलेल!"

बोलू दे. मलाही बोलता येतं.

शुक्रवार, २५

निखारे तयार. मुंडकी सोडणार, तेवढ्यात मागचं फाटक वाजलं. उबाल्दो. टोपी काखेत, हातात घमेलं, घमेल्यात ओल्या पोत्याखाली एक मुंडकं. माझ्याकडे बघत नाही, खड्ड्याकडे बघतो. म्हणतो, उद्या आईची नव्वदी. आई म्हणते, मला खड्ड्यातलंच हवं, तुझ्या पातेल्यातलं मी मेल्यावर वाढ.

फाटकातच उभा आहे. मी अजून आत ये म्हटलेलं नाही. आधी हे लिहून घेतेय.