दुभाष्याची खुर्ची

प्रिय, भांडखोर इरीनी,

व्हिडिओवरच बोलले असते, पण तुझा चेहरा समोर आला की माझे हात भलतंच बोलून जातात. म्हणून कागद. इथे शुब्र्यात नुसतं उकडतंय, चुलीवरचं मोलोखियाच्या पाल्याचं सार उतू गेलं, आणि मी सकाळपासून घरात येरझारा घालते आहे.

खुणांच्या भाषेचा आमचा दुभाषी-वर्ग आता संपत आला. वर्गात अर्ध्या बायका माझ्यासारख्याच. कुणा बहिऱ्याची आई, कुणाची बहीण. शिकवणारे उस्ताद वगीह जन्मापासून बहिरे, आणि त्यांची बोटं भारी तिखट. परवा सरावासाठी ते पेशंट झाले, नर्मीन डॉक्टर आणि मी दुभाषी. नर्मीननं विचारलं, "कधीपासून दुखतंय?" उस्तादांनी हात उचलायच्या आत मीच सांगून मोकळी, "कालपासून हो, पोटात अन्नाचा कण नाही बिचाऱ्याच्या!" वर्ग खो खो हसला. उस्तादांनी खुणेनं विचारलं, "मॅडम, पोट माझं दुखतंय की तुमचं?" मग म्हणाले, "आयांची ही खोड लवकर जात नाही. काहींची तर जातच नाही." लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर शिकवायच्या, कुणी बोलवायची वाट न बघता मदतीला धावा. इथे नेमकं तेच पाप!

तू लहान असताना दवाखान्यात तुझ्या वतीनं मीच बोलायचे. तू माझी बाही धरून माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचीस. मला अजून ते दिवस गोड वाटतात. तुला कसे वाटायचे कोण जाणे.

येत्या शुक्रवारी बिशॉयचे आईवडील लग्न ठरवायला येताहेत, आणि दुभाषी म्हणून मीच हवी, असं तू कळवलंस. त्याच्या वडिलांनी, गिरगिसकाकांनी, आपली अट मला फोनवर पुन्हा ऐकवली. पहिलं मूल त्यांच्याकडे, असिऊतला वाढेल. "दोघंही बहिरी! मग पोर बोलायला शिकणार कुणाकडून? भिंतींकडून?" तू त्यांना तोंडावर नाही म्हणणार आहेस, मग लग्न मोडलं तरी बेहत्तर. बिशॉय तुझ्या बाजूचा आहे, हेही मला माहीत आहे.

पोरी, त्या खुर्चीत मी बसू शकत नाही. दुभाष्यानं पदरचं काही घालायचं नसतं, काही गाळायचंही नसतं. काकांवर मी चिडले ती ते मूल असिऊतला नेणार म्हणून. माझ्या मनात ते माझ्याकडे वाढत होतं. पाळणा कुठे बांधायचा, तेसुद्धा मी ठरवलं होतं. "माझं मूल मीच वाढवणार" हे तुझं वाक्य माझ्या तोंडून निघताना मऊ पडेल. म्हणून मी नर्मीनला बोलावलंय. ती आपली कुणी लागत नाही, तेच बरं. मी काकांच्या शेजारी बसेन आणि त्यांच्यासारखीच तुझ्याकडे मूल मागेन, माझ्याच्यानं राहवणार नाही. तेव्हा माझ्याकडे बघून, मलाही स्पष्ट नाही म्हण. नर्मीन त्यातला एक शब्दही गाळणार नाही.

तुझीच, हट्टी
आई