ऑपरेटरशी घातलेली हुज्जत

आदरणीय आणि सध्या माझ्यावर रुसलेल्या आत्यास,

तुझ्या एकुलत्या एका भाच्याचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? आईकडून कळलं, की गोळ्या वेळेवर घेतेस आणि माझा विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढवतेस. दोन्ही ऐकून बरं वाटलं (म्हणजे कान शाबूत आहेत). चार महिने झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. मेल मात्र तुला वाचल्याशिवाय राहवत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून हे पत्र. एरवी खास कारण नाही. इकडे सगळं क्षेमकुशल आहे, निदान आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांपर्यंत तरी होतं.

आधी तुझ्या निरोपसमारंभाबद्दल. एकतीस वर्षं तू या जनावरांच्या दवाखान्याचा डेटाबेस सांभाळलास. आठ शाखांतल्या प्रत्येक कुत्र्यामांजराला कोणती लस कधी दिली, कोणाला कोणतं औषध चालत नाही, सगळं तुझ्या देखरेखीखाली. आणि मी माइक हातात घेऊन म्हणालो, की आत्याचं काम आता एक ऑपरेटर करेल, तोही फुकटात. मला कौतुकच करायचं होतं गं! हे काम आता कुठल्याही माणसाला झेपणार नाही, असं पुढचं वाक्य होतं (ते दुसऱ्या कागदावर होतं आणि तो कागद केकच्या खोक्याखाली गेला). तू हातातली बशी खाली ठेवून निघून गेलीस, आणि मी उरलेलं भाषण तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत संपवलं. चुकलंच माझं.

तर हा ऑपरेटर. तू त्याचं तोंडही पाहायला तयार नव्हतीस, म्हणून सांगतो. आपला डेटाबेस आता कंटेनरमध्ये असतो, म्हणजे लागेल तिथे उचलून ठेवता येणाऱ्या बंद डब्यात. हे डबे सांभाळणारा जो प्रोग्राम, तो ऑपरेटर. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, कोणीही उघडून वाचावा, चूक दिसली तर सुधारून पाठवावी. त्याला एका फाइलीत आपला हुकूम लिहून द्यायचा: डेटाबेसच्या तीन प्रती हव्यात, एक पडली तर दुसरी उभी कर, दर मिनिटाला बॅकअप घे. मग तो डोळ्यांत तेल घालून बसतो. फाइलीत लिहिलंय ते आणि प्रत्यक्षात आहे ते, यात तसूभर फरक दिसला की लगेच दुरुस्त करतो.

आणि मी पडलो तुझ्या हाताखाली शिकलेला! काही अडलं की थेट सर्व्हरवर जाऊन हाताने नीट करायचं, ही तुझी शिकवण. गेल्या सोमवारी एक प्रत मागे पडायला लागली, नव्या नोंदी तिच्यात उशिरा उतरायला लागल्या. मी ती काढून टाकली. मिनिटभरात ती परत हजर. पुन्हा काढली, पुन्हा हजर. मेमरी वाढवली, तर चहा घेऊन येईपर्यंत होती तेवढी. असं तीन दिवस चाललं. मला वाटलं, समोरच्या टेबलावरची आपली काटेकोरबाई माझ्यामागे सगळं बदलतेय. (तिला तू ओळखतेस, पेन्सिली उंचीनुसार लावणारी.) मी सगळ्यांदेखत तिच्यावर तोफ डागली. तिने शांतपणे बदलांच्या नोंदींचा लॉग उघडून दाखवला. प्रत्येक ओळीत ऑपरेटरचं नाव. मी ज्याच्याशी भांडत होतो तो माणूसच नव्हता, आणि जी माणूस होती ती आता माझ्याशी बोलेनाशी झाली.

आज सकाळी तोच प्रकार पुन्हा झाला आणि माझं डोकं सटकलं. म्हटलं, या ऑपरेटरचा काटाच काढू. ती हुकमाची फाइलच पुसून टाकली. हिशोब असा, की मुकादम घरी गेला म्हणून कामगार थोडेच घरी जातात? डबे राहतील, मी आणि ते सुखाने नांदू. पण ऑपरेटरने त्याचा अर्थ घेतला, की साहेबांना आता डेटाबेसच नको आहे. आठवडाभर माझं एक अक्षर न ऐकणाऱ्या त्या गृहस्थाने या वेळी निमूटपणे ऐकलं. तिन्ही प्रती डिस्कसकट गेल्या. अकरा वाजून दहा मिनिटं.

आत्ता बाहेरच्या बाकांवर माणसं मांडीवर टोपल्या घेऊन बसली आहेत. एका आजोबांचं मांजर ऑपरेशनला घ्यायचंय, त्याला कुठल्यातरी भुलीच्या औषधाचा त्रास होतो, आणि कुठल्या ते फक्त आपल्या डेटाबेसला माहीत होतं. डॉक्टर थांबले आहेत. काटेकोरबाई ऑपरेटरने दुसरीकडे ठेवलेल्या बॅकअपमधून सगळं परत उभं करायला बसली आहे. जमेलच याची ती खात्री देत नाही. मला कीबोर्डला हात लावायची बंदी आहे, म्हणून पत्राला सवड मिळाली. आत्या, मला भीती वाटते आहे. अशा वेळी तू शेजारी उभी राहून नुसतं "हं, पुढे?" म्हणायचीस, त्याची फार आठवण येते.

तुझा,
भाषणबहाद्दर

ता. क. सहज आठवलं म्हणून विचारतो. तुझ्या टेबलाखालचं जुनं मशीन बंद केलं असं मी साहेबांना सांगितलं होतं. केलेलं नाही. करवलंच नाही. तुझा बॅकअप रोज दुपारी त्याच्यावर अजून उतरतो. कालचा आहे, पण त्याला तुझा पासवर्ड आहे. तेवढा लगेच कळवशील का? (खरं सांगायचं तर पत्र याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं.)

ता. क. २. पाठवणार तेवढ्यात काटेकोरबाई ओरडली. आलं! ऑपरेटरच्या बॅकअपमधून सगळं परत आलं, अकरा वाजून आठ मिनिटांच्या नोंदीसकट. मांजर आत गेलं, आजोबा बाकावर डोळे मिटून बसले आहेत. म्हणजे आता तुझा पासवर्ड नको, तुझ्याकडून कसलीच मदत नको. पत्र तरीही पाठवतो आहे. तासाभराने फोन करेन. काम काहीही नाही, आत्या, म्हणून तरी उचल.